शेवटचा दिवस, चार चिठ्ठ्या

सहलीचा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस यांत फरक काय असतो, सांगू? पहिल्या दिवशी खिशात नोटा असतात आणि सगळ्यांचं सगळ्यांशी पटत असतं. शेवटच्या दिवशी खिशात चिल्लर उरते, बॅगेत मळके कपडे, आणि पाहायच्या राहिलेल्या ठिकाणांची यादी मात्र तशीच लांबलचक! मग भांडणं सुरू होतात.

आमचंही तसंच झालं. आम्ही चौघं जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात शिकायला होतो. नागपूरकर, कोल्हापूरकरीण, बेळगावची ताई आणि पुण्याचा मी. ताई काही कुणाची सख्खी ताई नव्हे, पण वयाने सर्वांत मोठी आणि पोळ्या करता येणारी एकटी तीच. म्हणून ताई! अभ्यासक्रम संपला होता. पंधरा दिवसांनी चौघं चार दिशांना जाणार होतो. त्याआधी शेवटची सहल म्हणून प्राग गाठलं होतं. प्राग ही चेक प्रजासत्ताकाची राजधानी. ड्रेस्डेनहून आगगाडीने अडीच तासांच्या आसपासचा रस्ता.

तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवसाचं काय करायचं यावर रात्री वसतिगृहाच्या खोलीत अशी जुंपली की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा आल्या. शेवटी ताईने तोडगा काढला. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच ठिकाण लिहायचं. चारही ठिकाणी चौघांनी जायचं. आणि कुणी कुरकुर करायची नाही.

कुरकुर कुणी केली असेल, ओळखा पाहू!

पहिली चिठ्ठी कोल्हापूरकरणीची: चार्ल्स पूल, आणि तोही उजाडताना. ऑक्टोबर महिना, सकाळचे सात, हाडं गोठवणारी थंडी. पण पुलावर पाऊल टाकलं आणि थंडी विसरलो. खाली व्लतावा नदी, तिच्यावर धुकं, आणि पुलाच्या दोन्ही कठड्यांवर काळपट दगडी पुतळे. एकूण तीस! दिवसा इथे जत्रा असते, मुंगीलाही वाट मिळणार नाही. आत्ता पुलावर आम्ही, दोन-चार छायाचित्रकार आणि भरपूर कबुतरं.

हा पूल चौथ्या चार्ल्स राजाने १३५७ साली बांधायला घेतला. लांबी ५१६ मीटर, कमानी सोळा. राजाच्या ज्योतिषांनी पायाभरणीचा मुहूर्त काढला होता म्हणे. साल १३५७, तारीख ९, महिना ७ वा, वेळ पहाटे ५ वाजून ३१ मिनिटं. आता हे आकडे ओळीने लिहून पाहा: १३५७९७५३१. उलटं वाचा नाहीतर सुलटं, सारखंच! मुहूर्त बघणारे फक्त आपल्याकडेच नसतात तर.

आणखी एक गंमत. चुना पक्का व्हावा म्हणून राजाने गावोगावाहून अंडी मागवली, अशी तिकडे दंतकथा आहे. वेल्वारी नावाच्या गावाला वाटलं, अंडी वाटेत फुटली तर? म्हणून त्यांनी ती उकडून पाठवली! हे ऐकून कोल्हापूरकरीण इतकी हसली की तिचे दोन फोटो हलले. "नाद खुळा! त्या गावात माझे पाव्हणेच असणार," ती म्हणाली.

दुसरी चिठ्ठी नागपूरकराची. तो यंत्र अभियंता, त्यामुळे त्याला हवं होतं घड्याळ. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर बसवलेलं, १४१० साली तयार झालेलं खगोलीय घड्याळ. नऊच्या ठोक्याला आम्ही समोर माना वर करून उभे. ठोका पडायच्या वेळी एक हाडांचा सापळा दोरी ओढतो, हातातलं वाळूचं घड्याळ उचलतो. जणू सांगतो, चला, वेळ झाली! शेजारच्या मूर्ती माना हलवतात : छे, इतक्यात नाही. वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य एकेक करून डोकावून जातात. मग सोनेरी कोंबडा आरवतो आणि घंटा वाजते. खेळ खलास!

"अबे, इतकंच?" मी म्हणालो.

"इतकंच काय बे? तबकडी पाहून राहिला का तू?" नागपूरकर खवळला आणि मग त्याने आम्हाला ती तबकडी समजावून सांगितली. मधोमध पृथ्वी, कारण त्या काळी सूर्यच पृथ्वीभोवती फिरतो असं मानत. एक काटा सूर्याचा, एक चंद्राचा. आत मेष, वृषभ, मिथुन अशा आपल्या ओळखीच्या बारा राशींचं कडं. रोमन आकड्यांत नेहमीची वेळ. बाहेरच्या कड्यावर जुनी चेक वेळ, म्हणजे सूर्यास्तापासून मोजलेले चोवीस तास. आणि वाकड्या रेघांनी दाखवलेली तिसरी वेळ. तिच्यात सूर्योदय ते सूर्यास्त याचे सारखे बारा भाग करतात, म्हणून उन्हाळ्यातला तास मोठा आणि हिवाळ्यातला लहान! आपल्याकडेही पूर्वी सूर्योदयापासूनच घटका मोजायचे ना? ते आठवलं आणि मी गप्प बसलो.

हे घड्याळ करणाऱ्या कारागिराचे डोळे नगरपित्यांनी फोडले, कारण त्याने दुसरीकडे असं घड्याळ करू नये, अशी गोष्ट तिथे सांगतात. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट आपल्याकडे सांगतात, तशीच. दोन्ही गोष्टींना पुरावा नाही. खरी आहे ती वेगळीच गोष्ट. मे १९४५ मध्ये, महायुद्ध संपता संपता, जर्मन सैन्याच्या माऱ्यात नगरभवनाला आग लागली आणि घड्याळ जळालं. प्रागच्या लोकांनी ते दुरुस्त केलं, १९४८ साली ते पुन्हा चालू झालं.

तिसरी चिठ्ठी ताईची. पिंकास सिनेगॉग. सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर. माझी चिठ्ठी चौथी होती : पेत्रशीन टेकडीवरचा मनोरा. आयफेल टॉवरची छोटी भावंडंच म्हणा ना. १८९१ साली उभारलेला, २९९ पायऱ्यांचा. वरून सारं प्राग दिसतं. साडेचारच्या सुमाराला आमची गाडी होती. "ताई, अर्ध्या तासात उरकूया हं. सहलीच्या शेवटच्या दिवशी रडायला कशाला जायचं?" मी म्हणालो. ताई काही बोलली नाही.

आत शिरताना आम्हा दोघा मुलांना डोकी झाकावी लागली, गुरुद्वारात झाकतो तशी. आतल्या भिंती लांबून नक्षीदार वाटतात. जवळ गेलं की कळतं, ती नक्षी नाही. नावं आहेत. जमिनीपासून वरपर्यंत हाताने लिहिलेली, बारीक अक्षरांतली नावं. बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतले जे ज्यू लोक हिटलरच्या नाझी राजवटीने मारले, त्यांची ही नावं. सुमारे ७८,०००! आडनाव लाल रंगात, पुढे काळ्या रंगात एकेकाचं नाव आणि तारखा. काही आडनावांपुढे पाच-पाच, सहा-सहा नावं. म्हणजे घरच्या घरं. १९५० नंतरच्या दशकात ही नावं पहिल्यांदा लिहिली गेली. १९६८ मध्ये इमारत बंद झाली आणि अक्षरं नाहीशी झाली. मग १९९२ ते १९९६ या काळात सगळी पुन्हा लिहून काढली. हातानेच.

वरच्या मजल्यावर मुलांची चित्रं होती. मी भराभर एक फेरी मारली. घर, झाड, फुलपाखरू, बाग, आगगाडी. झालं! खाली येऊन बाहेरच्या बाकावर बसलो आणि घड्याळ पाहत राहिलो. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पाऊण तास झाला. नागपूरकर आणि कोल्हापूरकरीणही बाहेर आली. ताईचा पत्ता नाही. मी तणतणत पुन्हा वर गेलो.

"अगं ताई, इतकं काय बघायचं त्यात? लहान मुलांची चित्रं तर आहेत. आपल्या बालवाडीच्या भिंतीवर असतात, अगदी तशी!"

"तशीच आहेत," ताई शांतपणे म्हणाली. "म्हणूनच थांबलेय."

मग तिने एका चित्राखाली बोट दाखवलं. तिथे मुलाचं नाव होतं. जन्माचं साल. आणि मृत्यूचं. मी मनात वजाबाकी केली. उत्तर आलं बारा. शेजारचं चित्र पाहिलं. अकरा. त्याच्या पलीकडचं, तेरा.

दोस्तांनो, नंतर मी एकही चित्र वजाबाकी केल्याशिवाय पाहू शकलो नाही.

ही चित्रं काढली तेरेझिनमध्ये. प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवरचं हे तटबंदीचं गाव. नाझींनी १९४१ साली तिथे ज्यू लोकांना कोंडायला सुरुवात केली. तिथून पुढे त्यांना आगगाड्यांतून आउश्वित्झसारख्या मृत्युछावण्यांत पाठवत. फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस नावाच्या चित्रकार बाईंनाही डिसेंबर १९४२ मध्ये तिथे नेलं. सामान मोजकंच नेता येई. त्यांनी चित्रकलेचं साहित्य भरून नेलं! त्या मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेऊ लागल्या. कागद कुठला? कचेरीतले वापरलेले, एका बाजूने कोरे फॉर्म. मुलांना तिथे नंबर मिळाले होते, पण बाईंचा आग्रह असे की चित्राखाली स्वतःचं नाव लिहायचं. ऑक्टोबर १९४४ मध्ये बाईंना आउश्वित्झला पाठवून ठार केलं. जाण्याआधी त्यांनी साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली होती. युद्ध संपल्यावर त्या प्रागला पोचल्या. चित्रं परत आली. बहुतेक मुलं नाही आली.

आणि आता जे सांगणार आहे ते तुम्हाला, साप्ताहिक वाचणाऱ्यांना, मुद्दाम सांगायचं आहे. तेरेझिनच्या मुलांनी स्वतःचं एक साप्ताहिक काढलं होतं! नाव 'वेदेम', म्हणजे 'आम्ही नेतृत्व करतो'. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांचं. संपादक पेत्र गिंझ, वय वर्षं चौदा. छापखाना कुठला! एकच हस्तलिखित प्रत असायची. दर शुक्रवारी संध्याकाळी ती सगळ्यांना वाचून दाखवायची. त्यात कविता असत, विनोद असत. 'तेरेझिनमधली भटकंती' असं एक सदरही होतं. त्यासाठी मुलं बेकरीत, अग्निशमन केंद्रात, इतकंच काय, स्मशानभट्टीतही जाऊन माहिती काढून आणत. कोंडलेल्या गावातलं प्रवासवर्णन! त्यातल्या एका मुलाने लपवून ठेवलेली सुमारे ८०० पानं शिल्लक राहिली.

पेत्रला १९४४ मध्ये आउश्वित्झला मारलं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. तेरेझिनमध्ये असताना त्याने एक चित्र काढलं होतं. चंद्रावरचे डोंगर आणि आकाशात दूर दिसणारी पृथ्वी. ज्याला गावाच्या तटाबाहेर जायची बंदी, तो चंद्रावर जाऊन आला! २००३ साली इस्राएलचे अंतराळवीर इलान रामोन यांनी त्या चित्राची प्रत कोलंबिया यानातून अंतराळात नेली. कोलंबिया म्हटल्यावर काही आठवलं? बरोबर, आपली कल्पना चावला त्याच यानात होती. १ फेब्रुवारी २००३ ला ते यान परतताना कोसळलं आणि सातही जण गेले. तो पेत्रचा जन्मदिवस होता. असता तर त्या दिवशी ७५ वर्षांचा झाला असता. ती बातमी पाहून प्रागमधल्या एका माणसाच्या लक्षात आलं की, आपल्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या जुन्या वह्या याच मुलाच्या आहेत. ती होती पेत्रची रोजनिशी. पुढे त्याच्या बहिणीने ती पुस्तकरूपाने आणली.

हे सगळं ताईने आम्हाला बाकावर बसून सांगितलं. तिचे वडील चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी तिला हे लहानपणीच सांगितलं होतं. ऐकता ऐकता तीन वाजले. मनोरा राहिला तो राहिलाच. "चल, टॅक्सी केली तर होईल अजून," ताई म्हणाली. मी नको म्हटलं. आम्ही उरलेल्या चिल्लरचे चार पाव आणि एक चॉकलेट घेतलं आणि स्टेशन गाठलं.

गाडी सुटली. शहर संपलं, नदी सोबतीला आली. अर्धा-पाऊण तास झाला असेल. नकाशा मांडीवर घेऊन बसलेली ताई एकदम म्हणाली, "आता बघा हं, बोहुशोवित्से येईल." तेरेझिनच्या सर्वांत जवळचं स्टेशन. सुरुवातीच्या काळात लोकांना इथेच उतरवत आणि सामानासकट जवळजवळ तीन किलोमीटर चालवत नेत. आमची गाडी तिथे थांबणार नव्हती. एक फलाट, एक इमारत, दोन-चार माणसं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच स्टेशन मागे पडलं. याच रुळांवरून, खिडकीशी बसून पाव खात, तिकीट काढून, आम्ही घरी चाललो होतो.

बराच वेळ कुणी बोललं नाही. "ताई, सकाळी मी बोललो ते..." मी सुरुवात केली. "असू दे रे," ती म्हणाली आणि चॉकलेटचे चार तुकडे केले. मोठा तुकडा मला दिला.

मग कोल्हापूरकरणीने वसतिगृहाची पावती पालथी केली आणि पेन्सिलीने पूल काढला. नागपूरकराने त्यात घड्याळ घातलं. ताईने नदी. मी न पाहिलेला मनोरा काढला, जरा वाकडाच आला. खाली चौघांनी आपापली नावं लिहिली, पूर्ण, आडनावासकट.

ती पावती आज माझ्याकडे आहे. तुम्हीही चित्र काढलंत, काही लिहिलंत, तर खाली नाव घालायला विसरू नका. विसरलात तर फ्रीडलबाई रागावतील!