पान्हा

माझ्या हातून एका गाईचा सड कायमचा गेला, हे मला कळायला सात वर्षे लागली. आणि कळले तेही घरापासून हजारो मैल दूर, इस्रायलच्या वाळवंटात.

गंगापूर तालुक्यातील आमचे घर कोरडवाहू शेतकऱ्याचे. वडील वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जात आणि शेतीबरोबर दोन गाईंचा सांभाळ आई करी. पहाटे धार काढायची, घरापुरते दूध ठेवून बाकीचे गावातल्या संकलन केंद्रावर घालायचे, आणि रविवारी सगळे आवरून मिस्साला जायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. 2004 साली विषमज्वराने ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. तांबडीची धार काढण्याचे काम माझ्याकडे आले. आईला धार काढताना मी रोज पाहत आलो होतो. तेव्हा आपल्यालाही ते येतेच, अशी माझी समजूत होती.

प्रत्यक्षात मी अंगठा वाकवून त्याचा सांधा सडावर रोवी आणि जोराने खाली ओढी. तांबडी लाथ झाडू लागली तेव्हा तिचे मागचे पाय दोरीने बांधले. शाळेची वेळ झाली की अर्धी धार तशीच सोडून उठे. तिसऱ्या आठवड्यात तिची कास दगडासारखी घट्ट झाली, दुधात गाठी येऊ लागल्या. गुरांच्या डॉक्टरांनी 'दगडी', म्हणजे कासदाह, असल्याचे सांगून उपचार केले. गाय वाचली, पण मागचा डावा सड आटला तो आटलाच. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. मीही तेच मानले. आई काहीच बोलली नाही.

2011 साली कृषी शाखेची पदवी घेऊन मी प्रशिक्षणार्थी म्हणून इस्रायलला गेलो. दक्षिणेकडील अरावा खोऱ्यातल्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक वसाहतीत, मला गोठ्यावर काम मिळाले. अरावात वर्षाला जेमतेम 30 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सुमारे 700 मिलिमीटर. अशा रखरखाटात काळ्यापांढऱ्या होल्स्टीन गाई पंख्यांच्या वाऱ्यात आणि पाण्याच्या तुषारांत उभ्या राहून वर्षाला दहा-अकरा हजार लिटर दूध देत. दिवसातून तीन वेळा धार निघे, तीही यंत्राने. यंत्र शिकायला आलेल्या मला वाटले, आता हाताचे काम संपले.

ते संपले नव्हते. यंत्र लावण्यापूर्वी प्रत्येक सडातून तीन-चार धारा हाताने काढून गडद रंगाच्या भांड्यात पाहाव्या लागत. गाठ किंवा पाणचट दूध दिसले, तर त्या गाईला वेगळे काढायचे. गोठ्याची प्रमुख साठीच्या घरातली एक बाई होती. पहिल्याच सकाळी मी सड धरला आणि तिने माझे मनगट पकडले. काही न बोलता माझे एक बोट तिने आपल्या मुठीत घेतले, मी धरला होता तसाच अंगठा वाकवून त्यावर रोवला आणि खाली ओढले. मी कळवळलो.

मग तिने तेच बोट पुन्हा धरले. अंगठा सरळ ठेवून त्याच्या आणि तर्जनीच्या कड्याने बोटाचा वरचा भाग मिटवला. नंतर मधले बोट, अनामिका, करंगळी, अशी एकामागून एक मूठ आवळत आणली. ओढ मुळीच नव्हती, नुसता दाब होता. "लेआत, लेआत," ती म्हणाली. हिब्रूत त्याचा अर्थ 'हळूहळू'.

माझ्या डोळ्यांपुढे तांबडीचा मागचा डावा सड उभा राहिला.

पुढच्या काही महिन्यांत त्यामागचे शास्त्र समजले. वाकवलेल्या अंगठ्याने सडाच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. कासेत दूध शिल्लक राहिले, हात अस्वच्छ असले, की रोगजंतूंना आयते घर मिळते. धार काढल्यावर सडाचे तोंड अर्धा तास तरी पुरते मिटत नाही. म्हणून सड आयोडिनच्या द्रावणात बुडवायचे आणि गाईने लगेच चिखलात बसू नये यासाठी तिच्यापुढे चारा टाकायचा. ही गोष्ट आपल्या दोन गाईंच्या गोठ्यातही सहज करता येण्यासारखी आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पान्ह्याची. कासेला ओळखीचा स्पर्श झाला की गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि दूध खाली येते. त्याचा प्रभाव पाच-सात मिनिटेच टिकतो. गाय भ्यायली किंवा दुखावली, की पान्हा चोरला जातो. आपल्याकडे काही जण यावर ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याचा मार्ग काढतात. दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावराला अपाय होईल असे काहीही टोचणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते. मीही पाय बांधूनच पान्हा मागत होतो.

तिथली एक गोष्ट मला शेवटपर्यंत रुचली नाही. वासरू जन्मताच आईपासून दूर नेत. आमच्याकडे आधी वासरू सोडतात, ते ढुशा देते, गाय त्याला चाटते आणि मग पान्हा सुटतो. हिशेब त्यांचा बरोबर असेल. मला आमचा गोठा आठवत राहिला.

2012 साली परत आलो तेव्हा तांबडी राहिली नव्हती. तिची कालवड मोठी होऊन नुकतीच व्यायली होती. पहिल्याच संध्याकाळी मी आईला सारे सांगितले. सांगताना तिच्याकडे पाहवत नव्हते.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "उठून गोठ्यात आले तेव्हा सडावरचे वळ बघितले होते मी."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"पोरा, शाळा सांभाळून तू पहाटे चारला उठत होतास. बोलले असते, तर तू पुन्हा कधी कासेला हात लावला नसतास."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने लोटाभर कोमट पाणी माझ्या हातात दिले आणि वासरू सोडले. ते चार घोट प्यायले, तिने त्याला बाजूला घेतले. मी कास धुतली, हात पुसले आणि सड धरला. गाय हलली नाही. कान मागे टाकून ती रवंथ करीत राहिली. आई थोडा वेळ माझ्या अंगठ्याकडे पाहत उभी राहिली आणि मग चहा ठेवायला चुलीकडे गेली.