अंगठ्याची ये-जा

आमच्यापैकी एकाचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. मागे पुस्तके फारशी नव्हती. होते ते गळ टाकण्याचे एक जुने, जड रीळ. सुट्टीत ते खाडीवर गरवायला बसत, तेव्हा दोरी गुंडाळताना त्यांचा डावा अंगठा या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत राही. तो लक्ष देऊन पाहावा असे तेव्हा आम्हांला कधी वाटले नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी रिळावरचा वरचा विटलेला तंगूस कापला, नवा भरला आणि जेटीवर गेलो. मासा लागला. दोरी सरसर सुटली आणि मधेच अडली. एका कडेला चढलेला ढीग ढासळून वरचे वेढे खालच्यांत रुतले होते. तंगूस तुटला.

मास्तर माणसे, चूक झाली की वाचायला बसतो. तेव्हा कळले की दोरी आपोआप सारखी पसरवणाऱ्या रिळाचा एक प्रारंभीचा निर्माता होता विल्यम शेक्सपिअर. (नाव आम्ही कल्पिलेले नाही.) हा धाकटा शेक्सपिअर अमेरिकेतील मिशिगनमधल्या कॅलामाझूचा, १८९७ साली त्याने आपली कंपनी काढली. अशा रिळात एका दांड्यावर एकमेकांना छेदणारे उलटसुलट आटे असतात. त्यांत अडकलेली जिभळी टोकाला पोचली की आपसूक परत फिरते आणि दोरीला सोबत नेते.

पुढे १९०५ साली ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ या लोकर-गिरणीवाल्याने स्थिर रिळाचे पेटंट घेतले. आजच्या अशा रिळांत दोरी भोवती फिरते आणि रीळ स्वतः मागेपुढे होते. स्वस्त रिळांत ही हालचाल झोक्यासारखी टोकांशी मंदावते. मग दोन्ही कडांना दोरी साचते, मधे कंबर पडते. महागड्यांत मळसूत्र ती गती सारखी राखते.

वडिलांच्या रिळात यांतले काहीच नव्हते. समुद्रावरच्या जड रिळांत ते बहुधा टाळतातच: खाऱ्या पाण्यात गंजणारा एक भाग कमी, मासा पळताना एक अडथळा कमी. तिथे अंगठाच हवा.

परवा गुंता सोडवायला बसलो. आमचे वेढे संपले आणि खाली त्यांचे लागले. कडेपासून कडेपर्यंत सपाट, एकही चढलेला नाही. दुकानदार म्हणाला होता, जुना तंगूस ठिसूळ होतो, सगळा काढून टाका. आम्ही तिथेच थांबलो आणि त्यांच्या टोकाला नव्या तंगुसाची गाठ मारली.