द्विनवेनची विहीर

लोककथा शिकवताना माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगावीशी वाटते.

वेल्समधील अँगलसी बेटाच्या एका टोकाशी लानद्विन हा चिंचोळा भूभाग समुद्रात शिरला आहे. मोठ्या भरतीला त्याचे बेट होते. तेथे सोळाव्या शतकातील चर्चच्या पडक्या भिंती आहेत आणि जवळच संत द्विनवेनची विहीर. ही प्रेमिकांची कैवारी. २५ जानेवारी हा तिचा दिवस. तिची कथा मी वर्षानुवर्षे ‘प्राचीन’ म्हणून सांगत आलो. तिचे प्रेम विफल झाले आणि प्रियकर मायलॉन बर्फ होऊन थिजला. देवाने तिला तीन वर दिले. तिने त्याची मुक्तता मागितली, प्रेमिकांचे भले मागितले आणि स्वतःसाठी अविवाहित आयुष्य.

पुढे कळले की, ही कथा योलो मोर्गानुग (१७४७–१८२६) यांच्या कागदपत्रांतून आलेली आहे. हे गृहस्थ वेल्श परंपरेचे मोठे जाणकार, आणि स्वतःच्या रचना जुन्या म्हणून खपवण्यात तितकेच निष्णात! मी खजील झालो. संपर्कसत्रात चूक कबूल करून ‘ही लोककथा नव्हे’ असे जाहीर केले. तेव्हा एका प्रौढ विद्यार्थिनीने विचारले, “सर, आमच्या गावच्या कुंडाची गोष्ट मला आजीने सांगितली. तीही कोणी तरी पहिल्यांदा रचलीच असेल ना?” मला उत्तर सुचले नाही.

घरी येऊन पुन्हा वाचू लागलो. चौदाव्या शतकातील कवी दावीद अप ग्विलिम यांनी याच संताला प्रेयसीकडे दूत म्हणून जाण्याची विनवणी केली आहे. म्हणजे मायलॉन संशयास्पद असला, तरी द्विनवेनला प्रेमिकांनी साकडे घालणे योलोंहून कितीतरी जुने. यात्रेकरूंच्या दानावर ते चर्च संपन्न झाले होते. धर्मसुधारणेनंतर यात्रा थांबली आणि ते ढासळले. विहिरीची रीत मात्र मागे राहिली. स्त्रिया पाण्यावर पावाचा चुरा टाकून वर रुमाल पसरीत. आतल्या वाम माशाने तो हलवला, तर प्रियकर एकनिष्ठ समजावा. भाषेच्या अभ्यासकाला आणखी एक साक्ष दिसते, ती स्थळनामाची. ‘लान’ म्हणजे कुंपणातील पवित्र जागा, पुढे चर्च. ‘द्विन’ म्हणजे तीच संत. आणि तिच्या नावातील ‘वेन’ म्हणजे शुभ्र, धन्य.

आता ही कथा सांगताना मी योलोंचे नाव आरंभीच घेतो. त्या विद्यार्थिनीला मात्र पुढच्या सत्रास येताना कुंडाची गोष्ट लिहून आणायला सांगितले. वर आजीचे नाव, आणि आजीने ती कोणाकडून ऐकली तेही.