पाण्याची वाटी

महाडमध्ये मी गेली सव्वीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करते आणि आठवड्यातून दोन दिवस पोलादपूरलाही रुग्ण तपासते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे असतात. आमच्या या भागात घरटी एक तरी माणूस मुंबईला नोकरीस असतो आणि गावाकडे उरतात ती म्हातारी माणसे, त्यांचे गुडघे, त्यांचा रक्तदाब आणि बरेचदा एखादे मांजर. आज मी तुम्हांला अशाच एका मांजराविषयी सांगणार आहे. ते सांगताना माझ्या हातून झालेली एक चूकही सांगावी लागेल, कारण खरे तर त्या चुकीसाठीच हा लेख लिहीत आहे.

22 जुलै 2021 चा दिवस इथे कोणीही विसरलेले नाही. सावित्रीचे आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले, त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी इथेही माणसे गाडली गेली. त्यानंतर माझ्या कितीतरी वृद्ध रुग्णांना त्यांची मुले शहरात घेऊन गेली. पोलादपूरजवळच्या एका वाडीतल्या आजी मात्र हलल्या नाहीत. दोन वर्षांनी अंगणात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि मग डोंबिवलीला मुलाच्या दोन खोल्यांत जाण्यावाचून इलाज उरला नाही. निघण्यापूर्वी त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर, माझं पोरगा बघंल. हिचं कोण बघणार?"

'ही' म्हणजे ठमी. करड्या पट्ट्यांची, एका कानाला जुनी खोच पडलेली मांजर. वय विचारले तर आजी म्हणाल्या, "नातू पहिलीत होता तवा आली, आता तो बारावीला हाय." म्हणजे जवळजवळ बारा वर्षे. मांजराच्या हिशेबात हे वय आपल्या साठीच्या पुढचे. या वयाच्या मांजराला नवे घर सहजासहजी मिळत नाही. लोकांना पिल्लू हवे असते. मी ठमीला घरी आणले, त्यात दया किती आणि आजींना नाही म्हणण्याचा संकोच किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

पहिले तीन दिवस ती कपाटाखालून बाहेर आली नाही. मग वाडीतल्या शेजारणीकडून आजींच्या जुन्या गोधडीचा तुकडा मागवला आणि कपाटाजवळ ठेवला. त्या रात्री ती त्यावर येऊन झोपली. म्हातारे मांजर जागेशी आणि वासाशी बांधलेले असते. तुम्ही असे मांजर घरी आणणार असाल, तर त्याचे अंथरूण न धुता बरोबर आणा. एका खोलीत ठेवा, खाण्याची जागा बदलू नका, आणि त्याला उचलून मांडीवर बसवण्याची घाई करू नका.

आठवड्याभरात ती लंगडते आहे असे दिसले. माझ्यातला डॉक्टर जागा झाला. पॅरासिटामॉलच्या गोळीचा चतकोर तुकडा हातात घेतला आणि मग, केवळ शिष्टाचार म्हणून, ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, ती गोळी आधी खाली ठेवा."

हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. पॅरासिटामॉल पचवण्यासाठी यकृताला जी यंत्रणा लागते, ती मांजरात फार तोकडी असते. औषध अंगात साचते, रक्तातला हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासा होतो, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही त्यांच्या मूत्रपिंडांना घातक. एम.बी.बी.एस.ची पदवी मला माणसांसाठी मिळाली आहे, मांजरांसाठी नाही, हे त्या दिवशी कळले. लंगडण्याचे कारण सांध्यांची झीज होते. त्यावर झोपायची जागा मऊ केली आणि खिडकीशी चढायला एक पाट मांडला, तेवढ्यानेही तिला बरेच बरे वाटले.

आमच्या घरी सासूबाई आहेत, वय चौऱ्याऐंशी. प्रारंभी त्यांना मांजर नको होते. पण दुपारी घरात त्या दोघीच असत, आणि हळूहळू ठमी त्यांच्या खुर्चीखाली बसू लागली. एके संध्याकाळी मी दवाखान्यातून आले तेव्हा आई म्हणाल्या, "ही सारखी पाणी पिते गं. वाटी दोनदा भरली मी आज."

मी ते हसण्यावारी नेले नाही, हे माझे नशीब. दुसऱ्या दिवसापासून मोजून पाणी ठेवू लागले. रात्री उरलेले पाणी पुन्हा मोजायचे आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. मातीच्या टोपलीत लघवीचे गोळे किती होतात तेही पाहू लागले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपलीसकट वजन केले, तर महिन्यात पाव किलो उतरले होते. साडेतीन किलोच्या जिवाला पाव किलो म्हणजे आपल्यापैकी कोणाचे चार-पाच किलो. पशुवैद्यांनी रक्त घेतले, नमुना पुण्याला गेला. क्रिएटिनिन 3.4 आले. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, चारपैकी तिसरा टप्पा. रक्तदाबही वाढलेला.

म्हाताऱ्या मांजरांत हा विकार फार आढळतो. मूत्रपिंडांची बरीच शक्ती गेल्यावरच रक्तात तो दिसू लागतो. तोवर लघवी पातळ होत जाते, शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही, म्हणून तहान वाढते. मांजर दुखणे लपवते. उडी मारायचे सोडते, अंग चाटायचे सोडते, खाणे निवडक होते, आणि आपण म्हणतो, "वय झालं."

तेव्हापासून आमचा दिनक्रम ठरून गेला. सुकट, जवळा, बोंबील बंद, कारण त्यांत मीठ फार आणि फॉस्फरसही. पशुवैद्यांनी सांगितलेले मूत्रपिंडाच्या विकाराचे खाणे, थोडे कोमट पाणी घालून. दूध बंद. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, ही गोष्ट आईंना पटवायला मला पंधरा दिवस लागले. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिनच्या लहान गोळीचा चौथा भाग. आणि आठवड्यातून तीनदा कातडीखाली 100 मिलिलिटर सलाइन. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, मग खिडकीच्या गजाला टांगायची. आई ठमीला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर धरतात, मी खांद्यांमधली कातडी चिमटीत उचलून सुई घालते. दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांत आई तिच्याशी काहीबाही बोलत असतात.

मार्च महिन्यातल्या अशाच एका संध्याकाळी मी कॅलेंडरवर आकडा लिहीत होते. आई सहज म्हणाल्या, "तिचं रात्रीचं सगळं लिहितेस. मी चारदा उठते, ते तुला कुठे ठाऊक आहे?"

बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले. मी विचारत गेले, तसे एकेक बाहेर आले. तीन महिने गुडघे दुखत होते. मला दिवसभर रुग्ण असतात, म्हणून मला त्रास नको, असे त्यांना वाटे. शेजारच्या मुलाकडून त्या औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पाकिटे मागवत होत्या. उशाखालच्या डब्यात डायक्लोफिनॅकची तीन रिकामी पाकिटे निघाली. रक्तदाबासाठी त्या टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध एकत्र असलेली गोळी घेतात, ती मीच लिहून दिलेली. या दोन औषधांच्या जोडीला वेदनाशामक गोळी रोज गेली, त्यात आमच्याकडचा मार्चमधला उकाडा आणि रात्री उठावे लागते म्हणून मुद्दाम कमी केलेले पाणी, तर मूत्रपिंडांवर तिहेरी भार पडतो. हे मी रुग्णांना शेकडो वेळा सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी आईंचे रक्त तपासले. वर्षापूर्वी 1.1 असलेले क्रिएटिनिन 1.9 झाले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मांजराचे पाणी मी मिलिलिटरमध्ये मोजत होते, आणि ज्या बाईच्या हातात ते मांजर होते, तिच्या पायांवरची सूज मला दिसली नव्हती. ठमी बोलू शकत नाही म्हणून मी तिच्याकडे पाहत होते. आई बोलू शकतात, तेव्हा काही असले तर सांगतील, असे मी गृहीत धरले होते. वृद्ध माणसे सांगत नाहीत. आपण ओझे होऊ नये म्हणून सांगत नाहीत.

वेदनाशामक गोळी त्याच दिवशी बंद केली. माझ्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांच्या सल्ल्याने लघवी वाढवणारे औषध थांबवले, टेल्मिसार्टनची मात्रा बदलली. गुडघ्यांसाठी शेक, मांडीच्या स्नायूंचे साधे व्यायाम आणि गरजेपुरती पॅरासिटामॉल, जी माणसाला योग्य मात्रेत चालते. पाणी दिवसाच्या पहिल्या भागात अधिक आणि संध्याकाळनंतर कमी. सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.4 वर आले. पूर्वीच्या आकड्यावर ते बहुधा येणार नाही.

आता आमच्या कॅलेंडरवर दोन रकाने आहेत. एकात 'ठ', दुसऱ्यात 'आ'. आईंना याचे हसू येते, पण स्वतःच्या रकान्यात त्या स्वतः लिहितात.

घरात वृद्ध माणूस आणि मांजर दोन्ही असतील, तर आणखी काही गोष्टी सांगते. दोघांची औषधे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. नावे सारखी असली तरी मात्रा सारख्या नसतात. मांजर पायांत घुटमळते, म्हणून रात्री वाटेत मंद दिवा असू द्या. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा मधुमेह असेल, तर मांजराची नखे वेळच्या वेळी कापून घ्या आणि मातीची टोपली दुसऱ्या कोणी साफ करावी. चावल्यास किंवा ओरबाडल्यास साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मांजराच्या दाताची जखम वरून लहान दिसते, पण खोल जाते, आणि रेबीजचा विचार प्रत्येक वेळी करावाच लागतो. घरच्या मांजराचे लसीकरण चुकवू नका.

ठमी बरी होणार नाही. पशुवैद्यांनी ते स्पष्ट सांगितले आहे. पावसात घाट बंद झाला की पुणे लांब पडते, मुंबई पावणेदोनशे किलोमीटरवर. तिला पिंजऱ्यात घालून तिकडे न्यायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. ती खाते आहे, खुर्चीखाली येऊन बसते आहे, तोवर सलाइन द्यायचे. खाणे सुटले आणि वेदना आवरेनाशा झाल्या, तर पशुवैद्यांना घरी बोलवायचे. हे ठरवताना आईही बसल्या होत्या. त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी स्वतःविषयी काय हवे आणि काय नको, ते मला आणि माझ्या यजमानांना समोर बसवून सांगितले. ते इथे लिहीत नाही, पण ते ऐकायला मिळाले, ही या सगळ्यातली मोठी गोष्ट.

दर रविवारी डोंबिवलीहून आजींचा व्हिडिओ कॉल येतो. त्यांचा आवाज ऐकला की ठमीचे कान हलतात. आजी विचारतात, "खाते का?" मी सांगते, "खाते." मग फोन आईंकडे जातो आणि दोघी गुडघ्यांविषयी बोलतात.

तुम्हांला एकच विनंती करते. येत्या रविवारी घरातल्या वृद्ध माणसाजवळ निवांत बसा आणि त्यांच्या उशाखालचा, कपाटातला, पिशवीतला प्रत्येक डबा त्यांच्या परवानगीने उघडून पाहा. रात्री किती वेळा उठता, असे विचारा. आणि तुम्हीच ते वृद्ध असाल, तर कोणी विचारण्याची वाट पाहू नका.