उच्छ्वासाचें बळ

खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या एखाद्या मालमोटारीवर ‘टर्बो’ हा शब्द रंगविलेला आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिला असेल. ओझें वाहणाऱ्या गाडीस तो शोभतो. त्याविषयीं कोणाची तक्रार नाहीं. परंतु हाच शब्द शर्यतीच्या घोड्यासारख्या चपळ गाड्यांस येऊन चिकटला, तेव्हां मात्र देशोदेशींच्या रसिकांनीं हळहळ व्यक्त केली. नववीच्या वर्गांत पदार्थविज्ञानाचा तास चालू असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, गाडीची शक्ति वाढली, तर लोक हळहळतात कां?” प्रश्न मार्मिक होता. तासाची घंटा झाल्यामुळें जें सांगावयाचें राहिलें, तें येथें लिहीत आहें.

इंजिन तेलावर चालतें असें आपण म्हणतों. पण त्याचा खरा आहार हवा होय. एक भाग पेट्रोल पुरतेपणीं जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल ओतणें सोपें. हवा मात्र इंजिनास स्वतः ओढून घ्यावी लागते. दट्ट्या खालीं सरकतो, पोकळी उत्पन्न होते, आणि बाहेरील वातावरणाचा दाब हवेस आंत लोटतो. अशा इंजिनाचें बळ वाढविण्यास मुख्यतः दोनच मार्ग: छाती मोठी करावी, किंवा श्वास जलद घ्यावा. इटलींतील फेरारी कारखान्यानें २००९ सालीं ‘४५८ इटालिया’ ही गाडी काढली, तिचें साडेचार लिटरचें इंजिन मिनिटास ९,००० फेरे घेई. ह्या गाड्या मीं डोळ्यांनीं पाहिलेल्या नाहींत. विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर तिचा स्वर तेवढा ऐकला आहे. चढत चढत तो तारसप्तकांत जातो, आणि ऐकणाराचाच श्वास कोंडतो.

तिसरा मार्ग आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्यास सुचला. त्याच्या १९०५ सालच्या पेटंटांत त्याचें बीज आहे. इंधनाच्या उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा जळक्या वायूंबरोबर फुकट बाहेर जातो. त्या वायूंच्या वाटेवर पात्यांचें एक चाक बसवावें, आणि त्याच आंसावर दुसरें चाक बसवून त्याच्याकडून ताजी हवा दाबून आंत भरवावी. लोहाराच्या भात्यास ओढणारा पोऱ्या लागतो. येथें इंजिनानें टाकलेला उच्छ्वासच भाता ओढतो! हें चाक मिनिटास लाखाहूनही अधिक फेरे घेऊं शकतें. १९१८ सालीं सॅनफोर्ड मॉस ह्यानें अमेरिकेंतील पाइक्स पीक ह्या सुमारें ४,३०० मीटर उंच शिखरावर विमानाचें इंजिन नेऊन, विरळ हवेंतही त्याचें बळ ह्या युक्तीनें टिकतें हें दाखविलें. टाकाऊंतून सामर्थ्य काढण्याची ही कल्पना मला फार सुंदर वाटते, हें आधींच सांगून टाकतों.

मग हळहळ कशाची? पहिली, विलंबाची. चालकानें पाय दाबला, म्हणजे आधीं वायु वाढावा, मग चाकानें वेग घ्यावा, मग हवा यावी, आणि तेव्हां कोठें बळ यावें. बी. एम. डब्ल्यू. ची १९७३ ची ‘२००२ टर्बो’ आणि पोर्शची १९७४ ची ‘९११ टर्बो’ ह्या गाड्यांत हा विलंब इतका जाणवे, कीं वळणाच्या आरंभीं मागितलेलें बळ वळणाच्या मध्यावर एकदम अंगावर येई. पुढें चाकें लहान व हलकीं झालीं, आणि हा दोष पुष्कळ कमी झाला. नाहींसा मात्र झाला नाहीं.

तरी कारखाने ह्या मार्गास वळले, ह्याचें मोठें कारण कायदा. युरोपीय संघानें २००९ सालीं नियम केला, कीं नव्या गाड्यांनीं सरासरीनें किलोमीटरमागें १३० ग्रॅमहून अधिक कर्बवायु सोडूं नये. २०१५ पर्यंत तो पूर्णपणें लागू झाला. लहान कारखान्यांस सवलती होत्या, पण वारा कोणीकडे वाहतो हें सर्वांस उमगलें. त्याच २०१५ सालीं पोर्शनें साध्या ‘९११ कॅरेरा’चें इंजिन ३.४ लिटरांवरून ३ लिटरांवर आणून त्यास दोन टर्बो जोडले. अश्वशक्ति ३५० होती ती ३७० झाली. परंतु त्या वेळची सरकारी कसोटी प्रयोगशाळेंतील रुळांवर, अगदीं हळुवार चालीनें घेतली जाई. अशा चालीस लहान इंजिन थोडक्यांत भागवी. दामटलें म्हणजे मात्र तहान वाढे. परीक्षेपुरतें शहाणें असणारें मूल शिक्षकास काय नवें! २०१७ पासून ती कसोटी अधिक कडक केली गेली, हें बरें झालें.

दुसरी हळहळ स्वराची. वायूच्या वाटेवर चाक आलें म्हणजे ध्वनीचे ठोके त्यांत मोडतात. बी. एम. डब्ल्यू. च्या ‘एम-५’चें दहा सिलिंडरांचें इंजिन जाऊन २०११ सालीं टर्बोचें आलें, तेव्हां इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून गाडींत ऐकविण्याची योजना झाली. हें मला रुचत नाहीं. गायकवर्ग गैरहजर आहे म्हणून उपासनेंत ध्वनिमुद्रिका लावावी, आणि मंडळीनें ती आपलीच गाणीं समजावीं, तसें हें झालें.

फेरारीची युक्ति मात्र विचार करण्याजोगी आहे. २०१५ च्या ‘४८८ जीटीबी’त इंजिन ३.९ लिटरांचें, फेरे ८,०००, पण फिरविण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, ५४० वरून ७६० न्यूटन-मीटर झाला. हा पूर्ण जोर त्यांनीं सातव्या गिअरांतच सोडला. खालच्या गिअरांत तो मुद्दाम आवरून धरला, कीं फेऱ्यांबरोबर बळ चढत जाण्याचा जुना अनुभव चालकास मिळावा! हातीं आलेलें बळ खर्च करूं नये, असें त्याच अभियंत्यांस वाटलें, ह्यांतच माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आहे. लोकांस बळ नको होतें असें नाहीं. पायाच्या दाबास ताबडतोब व त्याच मापानें मिळणारें उत्तर त्यांस हवें होतें, आणि तें अश्वशक्तीच्या आंकड्यांत मोजलें जात नाहीं.

जुना श्वास अगदींच बंद पडला आहे असें नव्हे. फेरारीनें २०२४ सालीं बारा सिलिंडरांची, ९,५०० फेऱ्यांची नवी गाडी टर्बोवांचून काढली; पण ती धनिकांची. मला टोयोटाचें उदाहरण अधिक आवडतें. २०१२ सालच्या तिच्या ‘८६’ ह्या छोट्या गाडीस बळ कमी पडतें, टर्बो लावा, असा ओरडा कित्येक वर्षें चालला होता. २०२१ सालीं नवी आवृत्ति आली, तेव्हां त्यांनीं टर्बो लावला नाहीं. इंजिन २ लिटरांचें २.४ लिटरांचें केलें, म्हणजे छातीच तेवढी रुंद केली.