आजाराला नाव मिळाले



गेल्या वर्षी घरात जे घडले ते लिहावे की नाही, यावर आम्हा भावंडांत बरीच बोलाचाली झाली. ज्याच्याविषयी लिहायचे तोच म्हणाला, "लिहा, पण माझं नाव घालू नका." म्हणून लिहीत आहोत.

आमचा धाकटा भाऊ खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. तिन्ही पाळ्या. पावसाळ्यात त्याची झोप उडाली. भिंतीपलीकडून कोणी आपल्याला शिव्या देते, असे तो म्हणे. मग जेवणात काही घातले आहे म्हणून आईच्या हातचे खाईना. वस्तीत कुजबुज सुरू झाली, "बाहेरचं आहे." एका नातेवाइकाने भगताचा पत्ता आणला. आई म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आहे हे." आणि आम्ही कर्जतहून गाडी धरून त्याला मुंबईच्या सरकारी इस्पितळात नेले.

मानसोपचाराच्या वॉर्डात तो तीन आठवडे होता. रक्त तपासले, डोक्याचा फोटो काढला. दोन्ही चांगले आले. आई गोंधळली. "फोटो चांगला, मग आजार कुठाय?" डॉक्टरबाईंनी समजावले, की हा आजार फोटोत दिसत नाही. थायरॉईड, मेंदूतली गाठ असे दुसरे कारण नाही ना, हे पाहायला त्या तपासण्या. निदान होते ते रोग्याशी व घरच्यांशी बोलून, त्याची झोप, बोलणे, वागणे रोज पाहून.

एके सकाळी बाईंनी त्याला समोर बसवून त्यालाच सांगितले, "तुम्हाला स्किझोफ्रेनिया आहे." मराठीत याला छिन्नमनस्कता म्हणतात. आम्हाला वाटले, पोरगा खचेल. त्याने विचारले, "म्हणजे मला काही लागलेलं नाही?"

"नाही. आजार आहे. गोळ्यांनी आवाज कमी होतील. मनानं बंद करायच्या नाहीत."

तो बराच वेळ गप्प होता. रात्री मात्र पोटभर जेवला.

रोग्याला समजेल अशा भाषेत आजार, उपचार व औषधांचे दुष्परिणाम सांगणे हे कोणाचे उपकार नव्हेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो हक्क दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ३०० माणसांमागे एकाला हा आजार आहे. गर्दीच्या एका कर्जत लोकलमध्ये असे कितीजण असतील!

नाव कळले तशी नातेवाइकांना दुसरीच काळजी. "बाहेर बोलू नका, घरात पोरीचं लग्न व्हायचंय." आम्हाला हे पटले नाही. आजार लपवला की गोळीही लपून घ्यावी लागते, आणि मग ती चुकते.

विहारात आपण पटाचाराची गोष्ट ऐकतो. नवरा, मुले, आईबाप गमावून ती भान हरपून उघडी फिरत होती. लोक हाकलीत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. पुढे ती थेरी झाली. आपल्या कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना तेथे औषधपाणी करून घरी पोचवतात. २०१८ साली डॉक्टरांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ती माणसेही कुणाची तरी भावंडेच. (विचारायला कोणी नसेल तर १४४१६ हा सरकारी फोन रात्रंदिवस फुकट चालतो.)

भाऊ आता बराच सावरला आहे. आवाज अधूनमधून येतात, पण ते आजाराचे आहेत हे तो ओळखतो. गोळ्यांनी सुस्ती येते, वजन वाढले आहे. रात्रपाळी देऊ नये, असा कागद डॉक्टरबाईंनी दिला. ठेकेदाराने तो ठेवून घेतला आहे. उत्तर अजून दिलेले नाही.