पिकाचू, लुकलुकणारा पडदा आणि फिट

'डॉक्टर, गेम खेळून फिट येते का हो?' पाटणमध्ये पालक मला हे नेहमी विचारतात.

पिकाचू तुमच्या मुलांना ठाऊक असेलच. १९९८ साली जपानमध्ये गेम बॉयवर 'पोकेमॉन यलो' ही खास आवृत्ती आली; तिच्यात पिकाचू खेळाडूच्या मागोमाग चालतो. ती ज्या कार्टूनवर बेतली, त्याच्या १६ डिसेंबर १९९७ च्या भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा लुकलुकला. ६०० हून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावं लागलं. काहींना खरोखर फिट आली होती, तीही आयुष्यात पहिल्यांदाच.

घाबरू नका, असा त्रास फार थोड्यांना होतो. खेळताना खोलीत दिवा लावा, पडदा डोळ्यांपासून लांब ठेवा, जागरण टाळा. पडदा लुकलुकून अस्वस्थ वाटलं, तर एक डोळा तळहाताने झाकून नजर वळवायला मुलांना शिकवा.

फिट आलीच, तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. ५ मिनिटांत थांबली नाही, तर लगेच रुग्णालय गाठा. थांबली तरी डॉक्टरांना दाखवा. पुढे लग्नात अडचण येईल म्हणून मुलीची फिट तर मुळीच लपवू नका. औषधांनी ती बहुतेकदा आटोक्यात राहते.